लाइट आली आणि कॉम्प्युटरमधून 'फट्ट'! काय गेलं असेल? सोलापुरात कुणाकडे दाखवू?

गणवेशवाला
मंडळी, जुळे सोलापुरात घरूनच शाळांच्या गणवेशाचं काम करतो. काल संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं, लाइट दोनदा गेली-आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ट्यूब पांढरीफेक आणि एकवर ठेवलेला पंखा पाचवर असल्यासारखा गरगरायला लागला. मी उठेपर्यंत टेबलाखाली लवंगी फुटल्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास. आता बटण दाबलं की काहीच होत नाही. मॉनिटर तेव्हा बंद होता, तो ठीक आहे.

एका दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या, तीस हजार" असं सांगितलं. मशीन चार वर्षांची, ग्राफिक कार्ड नाही. खरी धास्ती हार्डडिस्कची आहे. तीन शाळांची मापं त्यात आहेत आणि जून तोंडावर आलाय. शेवटचा बॅकअप फेब्रुवारीतला. हसू नका.

बाळीवेसकर
एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, फ्यूज गेला असणार बे. उघडा, बदला, दहा रुपयांचं काम. मी केलंय.

हातात टेस्टर
बाळीवेसकर, तुमचं नशीब चांगलं होतं. फ्यूज उगाच जात नाही, पुढे काहीतरी शॉर्ट झालेलं असतं. शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. ज्याला माहीत नाही त्याने तो डबा उघडू नये.

गणवेशवाले दादा, ट्यूब उजळली आणि पंखा पळाला, म्हणजे न्यूट्रल (वीज परत जायची वायर) तुटला किंवा सैल झाला असणार. मग २३० व्होल्टच्या जागी दोन फेजमधले (दोन जिवंत वायरींमधले) ४०० च्या आसपास घरात येऊ शकतात. एसएमपीएसच्या तोंडाशी बिस्किटासारखा चपटा व्हॅरिस्टर असतो. तो असा दाब अंगावर घेऊन फुटतो आणि फ्यूज उडवतो. तुमचा फट्ट बहुतेक तोच. तो वेळेवर फुटला असेल तर बोर्ड वाचलेला असू शकतो.

आता क्रम सांगतो. आधी वायरमन बोलावून न्यूट्रल बघून घ्या, नाहीतर नवा एसएमपीएसही त्याच वाटेने जाईल. कॅबिनेटच्या मागच्या जाळीला नाक लावा. वास तिथूनच येत असेल तर जुना पुन्हा चालू करून बघू नका. नवा ४५० वॅटचा पुरे, पण वजनदार घ्या. कॅबिनेटसोबत फुकट येणारा हलका डबा नको. आणि पहिल्यांदा चालू करताना हार्डडिस्कची पॉवर आणि डेटा, दोन्ही वायरी काढून ठेवा. हे विसरू नका.

सात रस्ता
कुणाकडे जायचं विचारलंत म्हणून सांगतो. नाव देत नाही, परीक्षा देतो. तुमच्या डोळ्यांसमोर दुसरा चांगला एसएमपीएस लावून दाखवेल त्याच्याकडे काम द्या. न लावताच "बोर्ड गेला" म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार. नवी पेठेत दोन्ही जातीचे भेटतील. टीव्ही, इन्व्हर्टर दुरुस्त करणारे जुने काका कित्येकदा कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बरे, त्यांचा हात सोल्डरिंगवर बसलेला असतो.

गणवेशवाला
अपडेट. नवा एसएमपीएस आणला, अडीच हजार गेले. डिस्क न लावता चालू केला आणि बोर्ड उठला! घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. पण डिस्क लावली की पंखा जरासा हलतो आणि सगळं थांबतं. डिस्क काढली की पुन्हा ठीक. माझी मापं गेली का हो?

हातात टेस्टर
घाबरू नका, ही त्यातल्या त्यात बरी खूण आहे. आधी नव्या एसएमपीएसची खात्री करा. मल्टिमीटरवर पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. ते बरोबर असेल तर डिस्कच्या सर्किटवर, पॉवरच्या खाचेजवळ, दोन बारके डायोड दिसतील. एक १२ व्होल्टच्या वाटेवर, दुसरा ५ च्या. जास्त दाब आला की ते स्वतः शॉर्ट होऊन मागचं वाचवतात. मग एसएमपीएसला वाटतं शॉर्ट आहे, म्हणून तो बंद होतो. मीटर बीपवर ठेवा. दोन्ही बाजूंनी वाजला तो डायोड मेला. तो काढला तर डिस्क बहुधा फिरेल, पण आता तिला कसलंच संरक्षण नाही. तेवढ्यात माल उतरवून घ्या, मग डिस्क निवृत्त करा.

दुसऱ्या डिस्कचं सर्किट आणून बसवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती त्या सर्किटवरच्या चिपमध्ये असते, नुसती अदलाबदल केल्याने सहसा भागत नाही.

गणवेशवाला
सात रस्ता, तुमचं ऐकून एका टीव्हीवाल्या काकांकडे गेलो. बारा व्होल्टचाच डायोड होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, टोकदार सोल्डरिंगने तो तीळभर तुकडा उचलून कागदावर ठेवला आणि म्हणाले, "हे बघा तुमचं इमानदार कुत्रं." डिस्क फिरली. तिन्ही शाळांची मापं बाहेरच्या डिस्कवर उतरली. काकांनी पन्नास रुपये घेतले, वर चहा पाजला.

बाळीवेसकर
माझा फ्यूज मागे घेतो. पण न्यूट्रलचं काय झालं?

गणवेशवाला
व्हय, तेच राहिलं. आमच्या बिल्डिंगच्या मीटरबोर्डात न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन काळा पडला होता. घट्ट करून घेतला. वायरमन म्हणाला, स्पाइक गार्डचा बोर्ड क्षणभराच्या झटक्याला ठीक, पण दाब चढून तसाच राहिला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून २७० व्होल्टच्या वर गेलं की लाइन तोडणारं यंत्र मेन स्विचजवळ बसवलं. खालच्या काकूंचा फ्रिज त्याच संध्याकाळी गेलाय. वायरमन आत्ता त्यांच्याकडेच आहे.