कोकणातल्या दमट हवेत जुनी पत्रे आणि छायाचित्रे कशी टिकवावीत?

प्रश्न
राजापूरजवळच्या आमच्या घरात आजोबांना आलेली पत्रे मिळाली आहेत. बहुतेक पोस्टकार्डे आणि अंतर्देशीय पत्रे असून ती जुन्या पद्धतीप्रमाणे तारेत ओवलेली आहेत. तार गंजली आहे आणि कडांना कसर लागली आहे. सोबत चिकट पानांच्या अल्बममधली कृष्णधवल छायाचित्रे आहेत आणि आजीची एक तसबीर काचेला चिकटली आहे. सर्व कागद लॅमिनेट करून घ्यावेत, असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर १
लॅमिनेशन कृपया करू नये. उष्णतेने वितळून कागदात मुरलेले प्लास्टिक पुन्हा सुरक्षितपणे वेगळे करता येत नाही. सेलोटेपही टाळावी, कारण तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. पत्रे तारेवरून ओढू नयेत; तार वरच्या आकड्यापाशी पक्कडीने कापावी आणि एकेक पत्र अलगद उतरवून घ्यावे. मात्र उतरवताना त्यांचा क्रम मोडू देऊ नये. पत्र आले की तारेत ओवायचे अशी रीत असल्यामुळे, ज्या पत्रावर तारीख नाही आणि टपालाचा शिक्काही पुसट झाला आहे, त्याचा काळ ठरवायला पुष्कळदा शेजारच्या पत्रांचाच आधार असतो. म्हणून मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक क्रमांक घालावेत.

उत्तर २
काचेला चिकटलेली तसबीर सोडवण्याचा प्रयत्न घरी करू नये, कारण छायाचित्राचा जिलेटिनचा थर काचेलाच राहतो आणि हाती कोरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करून ती तशीच ठेवावी. अल्बममधली छायाचित्रे मात्र त्या गोंदातून बाहेर काढणे आवश्यक आहे. दात स्वच्छ करण्याचा बिनमेणाचा दोरा छायाचित्राच्या मागून हळूहळू सरकवल्यास बहुतेक सुटतात. स्कॅन ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), टिफ स्वरूपात (म्हणजे चित्रातला तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये) आणि दोन्ही बाजूंचे करावे, कारण पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का किंवा हस्ताक्षर तितकेच मोलाचे असते.

उत्तर ३
कोकणात खरा शत्रू पावसाळा आहे. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत कागद सावलीत वाळवावेत, उन्हात नव्हे, आणि कसर मऊ ब्रशने अंगणात झाडावी. नंतर आम्लरहित कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत. डबा हवाबंद नसेल तर ते जेल जूनच्या पहिल्या आठवड्यातच ओलावा शोषून निकामी होते, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. डांबरगोळ्यांपेक्षा, पोथ्यांच्या रुमालात ठेवतात तशी वेखंडाची पुरचुंडी मी पसंत करतो, मात्र ती कागदाला टेकू देऊ नये. डबा माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीलगत नको. माजघरातल्या कपाटाच्या मधल्या खणात ठेवावा आणि गणपतीनंतर एकदा उघडून पाहावा.