दीड-दोन वर्षांच्या पोरांना 'एज्युकेशनल' खेळणी हवीतच कशाला?

रिकामटेकडा_बाबा:
लेक पावणेदोन वर्षांची आहे. आमच्या सोसायटीत आणि बायकोच्या ऑफिसात सध्या एकच चर्चा, वयानुसार दर दोन-तीन महिन्यांनी घरी येणारा खेळण्यांचा बॉक्स लावला का नाही. लावला म्हणजे पेपर-दूध लावतात तसा. आत काय, तर एक लाकडी डबा ज्याच्या फटीतून चकती टाकायची, एकात एक बसणारे कप, बटण-चेन-वेल्क्रोवालं कापडी पुस्तक आणि एक कार्ड की याने तुमच्या बाळाचं प्रॉब्लेम सॉल्व्हिंग सुधारेल. किंमत बघितल्यावर ते कार्ड मी पुन्हा एकदा नीट वाचलं.

आता एकात एक बसणारे कप म्हणजे आपले स्टीलचे डबे नाहीत का? चकतीचा डबा मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून केला, पाण्याच्या बाटल्यांची बुचं जमवली, पोरगी अर्धा तास गुंग. कणकेचा गोळा हातात दिला की चिमटे काढत बसते, मेथी निवडायला बसलं की शेजारी बसून पानं तोडते, मोज्यांच्या जोड्या लावायचा प्रयत्न करते आणि चुकीच्या लावून टाळ्या वाजवते. ही लोकं खेळणी नाही विकत, आपलं पोर मागे पडेल ही आईबापाची धास्ती विकतायत. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठाचा 2018 ला छापून आलेला एक छोटा अभ्यास आहे, 36 मुलं, एकदा समोर चार खेळणी ठेवली आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या तऱ्हेने खेळली. मग दर तिमाहीला बॉक्स कशाला?

सात_चाळीसची_फास्ट:
दादा एक सरळ प्रश्न, त्या अर्ध्या तासात तुम्ही कुठे होतात? तिच्या शेजारीच ना? मग पोरगी डब्याशी नाही, तुमच्याशी खेळत होती.

आमच्याकडे दोघं नोकरीला, सासूबाई साताऱ्याला, दिवसभर पाळणाघर. संध्याकाळी घरात मी, कुकर आणि मुलगा. कणकेचा गोळा मीही दिलाय, तो सोफ्याच्या शिवणीत गेला आणि वाळल्यावर टूथब्रशने काढत बसले. डबे दिले तर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. रील्सवर तांदळाचा ट्रे, रंगीत पाणी, माती सगळं झकास दिसतं, नंतर फरशी पुसणारा हात मात्र कधीच कॅमेऱ्यात येत नाही. पझल आणि रिंगा दिल्या की निदान तीन शिट्ट्या होईपर्यंत तो एका जागी बसतो आणि आवरायचं म्हणजे सहा तुकडे टोपलीत टाकायचे. मी धास्तीपोटी नाही हो, माझ्या वेळेसाठी पैसे मोजते. आणि तुमचा तो अभ्यास कमी खेळणी द्या म्हणतो, विकत घेऊ नका असं कुठे म्हणतो? ती चार खेळणी काय श्रीखंडाच्या डब्याची होती का?

कान_नाक_घसा:
धागाकर्ते, वाद नंतर घाला, ती बुचं आधी काढा. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना एक छोटी नळी वापरतात, व्यास 31.7 मिमी, तिच्यात जे पूर्ण मावतं ते या वयाला द्यायचं नाही. पाण्याच्या बाटलीचं बूच साधारण 30 मिमीच्या आतबाहेर असतं, म्हणजे मावतं. घरी तपासायला टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठीच असते, तिच्यातून जे आरपार पडेल ते मुलाच्या हातात नको.

कडधान्याचे ट्रे भरणाऱ्यांनीही वाचा. हरभरा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो, आई पिन घालून काढायला जाते आणि तो अजून आत जातो. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर थेट ऑपरेशन थिएटर. दुकानातल्या मालाला निदान 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, घरातल्या वस्तूवर मार्क नसतो, तिथे तुमचे डोळेच मार्क. आणि दुकानातलीही सगळी गुणाची नसतात. गाणी म्हणणाऱ्या खेळण्यातला बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घरात आणूच नका.

रिकामटेकडा_बाबा:
@कान_नाक_घसा डॉक्टर, बुचं गेली, आता लोणच्याच्या बरण्यांची मोठी झाकणं आहेत, चीर रुंद केली.

@सात_चाळीसची_फास्ट ताई, शेजारी होतो हे खरं, वर्क फ्रॉम होम आहे. पण मग बॉक्सवर तसं लिहा ना, की हे आईला पंधरा मिनिटं मिळावीत म्हणून आहे. मी स्वतः आनंदाने घेईन. त्यावर मेंदूचं चित्र कशाला?

सात_चाळीसची_फास्ट:
कारण "आईला पंधरा मिनिटं" असं लिहिलं तर सासरी हिशोब द्यावा लागेल दादा, मेंदूचं चित्र असलं की कोणी विचारत नाही 😄

चितारआळी:
मी सावंतवाडीचा. आमच्याकडे लाकडी खेळणी म्हणजे पिढ्यांचा धंदा, हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची फळं, भाज्या, भातुकली, पांगुळगाडा. गोव्याला जाणारे टुरिस्ट गाडी थांबवतात, फळांची टोपली शोकेससाठी घेतात आणि पोराला मॉलमधून प्लास्टिक. त्याच लाकडावर 'माँटेसरी' (मुलांनी स्वतः हाताळून शिकायची पद्धत) लिहून पांढऱ्या खोक्यात घातलं की किंमत कुठल्या कुठे जाते. ते नाव कोणाच्या मालकीचं नाही, कुणीही लावतं.

एक सांगतो, वॉकर घेऊ नका, पांगुळगाडा घ्या. वॉकरमध्ये पोर बसून पायाच्या बोटांनी ढकलत भलत्या वेगाने जातं, जिन्यावरून पडतं, कॅनडाने तर 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी घातलीय. पांगुळगाड्याला स्वतः उभं राहून, तोल सांभाळत ढकलायला लागतं, नाही जमलं तर पोर तिथल्या तिथे बसतं. फक्त रंग विचारून घ्या, तोंडात घालायचं असेल तर लाखेचा रंग बरा. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना आयएसआयमधून सूट आहे, तेव्हा मार्क नाही म्हणून नाक मुरडू नका, पण घेताना टोकं-कडा हाताने चाचपून बघा.

निवृत्त_बाई:
मुलांनो, भांडताय छान. बालवाडीत आयुष्य गेलं म्हणून लिहिते. ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ सोबत होत्या. पाड्यावरची आदिवासी मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, अंगणवाडी त्यातूनच आली. माँटेसरीचं मूळ साहित्य महाग, तिथे कोण आणणार, मग बिया, शिंपले, दगड, पानं, काड्या यांचं साहित्य झालं. आणि माँटेसरीबाईंची स्वतःची सुरुवात तरी कुठली, 1907 ला रोममधल्या सॅन लोरेंझोची गरीब कामगार वस्ती. त्या नावाने आज हजारोंचे सेट विकले जातात हे बघून मला हसू येतं.

पण @रिकामटेकडा_बाबा, यावरून फार खुश होऊ नका. कोसबाडला बिया नुसत्या ओतून ठेवल्या नव्हत्या. कुठलं साहित्य आधी, कुठलं नंतर, मूल कुठे अडतंय, याचा विचार करून बाई समोर बसलेली असायची. आणि ती मुलं दीड वर्षांची नव्हती. फुकट फक्त बिया होत्या, बाई नव्हे.

नाशिकची_चिऊ:
बाई तुमचं पटलं पण मला विकतच्या खेळण्यांची बाजू घ्यायचीय, कारण इथे सगळे डबे-वाट्यांवरून भावुक झालेत. माझा मुलगा हाताने थोडा मागे होता, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जायचो, त्यांनी आधी मोठ्या मुठीचं पझल सांगितलं, मग बारीक खुंटीचं, म्हणजे आधी सगळ्या पंज्याने धरायचं आणि हळूहळू चिमटीत. रिंगांचं पण तसंच, एकेक रिंग ठराविक फरकाने लहान होत जाते, चुकलं की मुलाला स्वतःलाच दिसतं, कोणी "नाही रे" म्हणावं लागत नाही. माझ्या स्वयंपाकघरात चार डबे चार दुकानांचे, एक लग्नातला, दोन सासूबाईंच्या नावाचे, एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. त्यातून त्याने काय शिकायचं? घरगुती जुगाड सगळ्या मुलांना पुरतो असं नसतं आणि ज्यांना पुरत नाही त्या आया असल्या धाग्यांवर गप्प बसतात.

हां, ती एबीसीडी ओरडणारी लाईटवाली खेळणी मी पण काढून टाकली. 2016 ला अमेरिकेतल्या ॲना सोसा यांचा एक अभ्यास आला होता, 10 ते 16 महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईबाप, 26 जोड्या. पुस्तक किंवा साधं खेळणं असलं की आईबाप जास्त बोलतात, बोलणारं खेळणं असलं की तेच गप्प. आमच्या घरी तर ते खेळणं बोलायचं आणि नवरा मोबाईल बघायचा.

मेलबर्नचा_मामा:
इथे बऱ्याच भागांत टॉय लायब्ररी असते, वर्षाची वर्गणी भरायची, खेळणी घरी न्यायची, दोन-तीन आठवड्यांनी परत. बहुतेक ठिकाणी पालकच चालवतात, आळीपाळीने ड्युटी. तुकडा हरवला तर छोटा दंड, त्यामुळे मुलंच काय आईबाप पण पलंगाखाली शोधतात. बॉक्स लावा का डबे द्या यात तिसरा रस्ता आहे तो हा. बहिणीला म्हटलं पुण्यात तुमच्या सोसायटीत सुरू कर, तर म्हणाली उष्टी खेळणी कोण घेणार. (बटण सेलबद्दल डॉक्टर बोलले ते बरोबर, इथे 2022 पासून त्यासाठी वेगळे सक्तीचे नियम लागू आहेत.)

नाशिकची_चिऊ:
उष्टी काय मामा, लाकडी असेल तर ओल्या फडक्याने पुसा, प्लास्टिक असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा. बहिणीला नवीनच हवंय एवढंच.

रिकामटेकडा_बाबा:
सोसायटीची टॉय लायब्ररी मला आवडली. आमच्या इमारतीत तीन घरी हाच बॉक्स येतो, तिघांच्या कपाटात मागचे बॉक्स पडून. क्लब हाऊसच्या खोलीत एक रॅक मागतो कमिटीकडे. @चितारआळी पांगुळगाडा कुरियरने येतो का? आणि @सात_चाळीसची_फास्ट ताई, तरीही सांगतो, मेथीला बसवून बघा.

सात_चाळीसची_फास्ट:
मेथी मी रविवारी निवडते आणि तेव्हा त्याला त्याचा बाबा बागेत नेतो, ती माझी एकटीची वेळ आहे, त्यात मला कोणी पण नकोय. बॉक्स चालूच राहणार. रॅकसाठी जुनी रिंगांची जोडी देते, सगळ्यात छोटी रिंग सोडून, ती गेल्या महिन्यात कमोडमध्ये गेली.