मदत हवी आहे: मांजराचा युव्हिआयटिस, कारण कुठवर शोधत बसायचं?

नमस्कार मंडळी,

पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला मांजरांचा युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, हा विषय घेतलाय. निमित्त घरचंच. आमच्या बोक्याचा हिरवागार डावा डोळा चार दिवसांत मळकट तपकिरी झाला. आई म्हणाली, वय झालं त्याचं. बोका तीन वर्षांचा!

बाहुली बारीक, डोळा अर्धवट मिटलेला. फ्लुरेसिन (जखम दाखवणारा रंग) टाकून पाहिलं, कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, जखम नाही. मग कॉलेजच्या सरांनी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारं ॲट्रोपिन सुरू केलं. आठवड्यात डोळा बराच निवळला. डोळ्याच्या आतला दाब डाव्यात १२, उजव्यात १८; सुजेत तो उतरतोच.

पण कारण? पुस्तकात यादी मोठी: एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूतून होणारा, उपचाराविना जीवघेणा आजार), ल्युकेमियाचा विषाणू, एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू), टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, क्रिप्टोकॉकस ही बुरशी, मार, गाठ. त्यातून बऱ्याच मांजरांत काहीच सापडत नाही. याचे ल्युकेमिया-एफआयव्ही निगेटिव्ह, टॉक्सोचा आयजीजी (जुन्या संसर्गानंतरही टिकणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या संसर्गातली) निगेटिव्ह, रक्तातल्या अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या प्रथिनांचं गुणोत्तर ०.६. टॉक्सो धरून क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक द्यावं का? आणि स्लिट लॅम्प (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक) नसताना फ्लेअर, म्हणजे डोळ्यातल्या पाण्यात झिरपलेल्या प्रथिनांचा धूसरपणा, कसा बघता?

प्रतिसाद १

फ्लेअरचं आधी. खोलीत पूर्ण अंधार कर. ऑफ्थॅल्मोस्कोपचा (डोळा तपासायच्या हातातल्या दिव्याचा) सगळ्यात लहान गोल झोत डोळ्याच्या अगदी जवळून टाक आणि स्वतः बाजूने बघ. निरोगी डोळ्यात कॉर्निया आणि लेन्स यांच्यामधली जागा काळी दिसते. प्रथिनं झिरपली असतील तर तिथे झोत दिसतो, कवडशात धूळ दिसते तसा. एकदा दिसला की विसरणार नाहीस.

आयजीजीवर फार विसंबू नकोस. टॉक्सो कधीतरी गावात येऊन गेला एवढंच त्यातून कळतं, चोरी त्यानेच केली असं नाही. ठणठणीत मांजरांतही तो पॉझिटिव्ह येतो.

मला खुपतंय ते ०.६. ०.४च्या खाली असतं तर एफआयपीचा संशय बळावला असता, ०.८च्या वर असतं तर मागे पडला असता. हे अधांतरी. आम्ही शिकलो तेव्हा एफआयपी म्हटलं की मालकाला बाहेर बसवून बोलायचो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने एफआयपीच्या ३१ मांजरांना जीएस-४४१५२४ हे विषाणूरोधक औषध दिलं, त्यातली बहुतेक वाचली. म्हणून आता हे निदान हुकवणं महागात पडतं. थेंब चालू ठेव, पण पोटातून स्टेरॉइड इतक्यात नको, चित्र झाकलं जाईल. ताप, भूक, वजन पाहिलंस का? डोळा निवळला म्हणून बोका बरा झाला असं नाही.

धागाकर्ता

धन्यवाद सर. वजन खरंच राहिलं होतं, सगळं लक्ष डोळ्यावर. आत्ता केलं. लसीच्या वेळी ४.२ किलो भरला होता, आज ३.७. ताप १०३.४. उद्या सकाळीच रक्त परत पाठवतो आणि पोटाची सोनोग्राफीही करून घेतो. आईला अजून सांगितलेलं नाही.