अँथनी ॲस्क्विथ यांचे मूकपट: प्रतिभा स्वतःची की उसनी?

धागाकर्ता: ब्रिटिश मूकपटांचा विषय निघाला की गाडी हिचकॉकच्या पुढे सरकत नाही. 'अंडरग्राउंड' (१९२८) आणि 'अ कॉटेज ऑन डार्टमूर' (१९२९) एवढ्या दोनच चित्रपटांच्या बळावर दिग्दर्शक ॲस्क्विथ यांना त्याच्या शेजारी बसवावे, असे माझे मत आहे. दुसऱ्या चित्रपटात मत्सराने पेटलेला न्हावी आपल्याच प्रतिस्पर्ध्याची दाढी करतो. वस्तरा गळ्याशी आलेला असताना ताणलेली दोरी तुटते, तोफ धडाडते आणि पडदा क्षणभर लाल होतो. एका माणसाचा तोल जाणे याहून नेमके कसे दाखवणार?

प्रतिसाद १: प्रसंग प्रभावी आहे, यात वाद नाही, पण ही दृश्यांची तोडजोड सोव्हिएत चित्रपटांची आणि सावल्या जर्मनांच्या. 'अंडरग्राउंड'ची प्रकाशयोजना तर कार्ल फिशर या जर्मन तंत्रज्ञाचीच होती. ब्रिटिश पंतप्रधान एच. एच. ॲस्क्विथ यांच्या या चिरंजीवांनी बाहेरचे उत्तम ते वेचले, एवढेच श्रेय मी देईन.

प्रतिसाद २: हाच निकष लावला तर हिचकॉकही बाद होतो, कारण त्याचीही काही उमेदवारी जर्मन स्टुडिओंत झाली. 'डार्टमूर'मधला चित्रपटगृहाचा प्रसंग मात्र कोणाकडून उसना घेतला, ते आपण सांगावे. तिथे पडद्यावर काय चालले आहे हे आपल्याला एकदाही दिसत नाही, दिसतात ते केवळ प्रेक्षकांचे चेहरे. मूक विनोदपट चालू असेतो वादक जीव तोडून वाजवतात. बोलपट लागताच वाद्ये खाली ठेवून ते पत्ते कुटू लागतात. बोलपटाच्या उंबरठ्यावर उभे राहून मूकपटानेच केलेली ही थट्टा मला अस्सल ब्रिटिश वाटते.

प्रतिसाद १: तो प्रसंग मान्य. तरीही ज्याची नजर इतकी तयार होती, त्याने पुढे 'पिग्मॅलियन' (१९३८, लेस्ली हॉवर्ड यांच्यासह) आणि 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' (१९५२) अशी गाजलेली नाटके पडद्यावर आणण्यात धन्यता मानली, याचा अर्थ काय लावायचा? हिचकॉकने बोलपटातही कॅमेऱ्याला बोलते ठेवले.

धागाकर्ता: त्यांचे बोलपट सभ्य आणि नेटके आहेत, त्यांत ती जुनी धग नाही, हे मीही म्हणेन. पण उत्तरार्ध मवाळ निघाला म्हणून पूर्वार्धाचे गुण कापणे मला पटत नाही. शिवाय 'शूटिंग स्टार्स'च्या (१९२८) दिग्दर्शनाचे श्रेय ए. व्ही. ब्रॅम्बल यांच्या नावावर असले, तरी कथा ॲस्क्विथ यांची आहे आणि शैलीही त्यांचीच दिसते; तो चित्रपट हिशेबात धरल्याशिवाय हा वाद पुरता होणार नाही.