मनात दुरावा असताना प्रभुभोजन घ्यावे का?

प्रश्न

सर्वांना सलाम. गेले तीन महिने प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी भाकरीचे तबक माझ्यापर्यंत आले की, मी त्यातून काही न घेता ते शेजारच्याच्या हाती देतो. दोन वर्षांपूर्वी कमिटीच्या बैठकीत मी दानाचा हिशेब ठेवणाऱ्या भगिनीला विचारले होते की, एका रविवारच्या दानाची नोंद वहीत का दिसत नाही. बैठकीला आठ जण होते, आणि माझा सूर असा होता की, त्यातला आरोप सर्वांनाच कळला. पुढच्या आठवड्यात नोंद सापडली. वहीची दोन पाने एकमेकांना चिकटली होती. त्यावर "बरे झाले, सापडली," एवढेच मी म्हणालो. त्यांनी हिशेबाचे काम सोडले. त्या आजही उपासनेला येतात, पण मी दाराशी उभा असलो तर दुसऱ्या दाराने निघून जातात.

बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात, जो अयोग्य प्रकारे ही भाकर खातो तो प्रभूच्या शरीरासंबंधी दोषी ठरतो, असे जे लिहिले आहे, ते पुन्हा वाचल्यापासून माझा हात पुढे होत नाही. मी असे थांबणे योग्य आहे काय? आणि क्षमा मागायची झाल्यास ती एकांतात मागावी की सर्वांसमोर?

उत्तर : मंडळीतील (चर्चमधील) एक वडील

बंधू, आपण तो अध्याय गांभीर्याने घेतलात याबद्दल देवाचे आभार मानतो. मात्र तो १७व्या वचनापासून सलग वाचावा, अशी विनंती आहे. करिंथ येथील मंडळीत काही जण आधीच जेवून घेत, काही उपाशी राहत, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना लाजवले जात असे. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा राग त्यावर आहे. 'अयोग्य प्रकारे' हे मूळ ग्रीकमध्ये क्रियाविशेषण आहे, म्हणजे ते खाण्याच्या रीतीविषयी बोलते. खाणारा स्वतः योग्य असावा, अशी अट त्यात घातलेली नाही. तशी असती तर आपल्यापैकी कोणीच प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जाऊ शकला नसता. २८व्या वचनातही माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे, असाच क्रम आहे.

तरीही आपली अडचण खरी आहे, कारण ज्यांना लाजवले गेले त्यांच्याच बाजूने पौल बोलतो आहे आणि आपल्या बैठकीत नेमके तेच घडले. यासाठी मत्तय ५:२३-२४ पाहावे. अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे याची आठवण होते, तेव्हा येशू त्याला अर्पण वेदीपुढे ठेवून निघायला सांगतो. ऐकणारे गालीलातले होते, आणि वेदी होती यरुशलेमातील मंदिरात, पायी सुमारे तीन दिवसांच्या वाटेवर. अर्पण तिथेच ठेवून परत गावी जायचे, समेट करायचा आणि पुन्हा तेवढीच वाट चालून यायचे, हे किती अवघड आहे ते त्यांना सांगावे लागले नसेल. आपण अर्पण खाली ठेवलेत, पण तीन महिने वेदीपाशीच उभे आहात. त्या भगिनीचे घर तीन दिवसांच्या वाटेवर नाही.

उत्तर : एक भगिनी

माझ्यावरही एकदा असा आरोप झाला होता, म्हणून लिहिते. ज्यांनी तो केला त्यांनी वर्षभराने मला फोनवर संदेश पाठवला : 'काही चुकले असेल तर क्षमा असावी.' मी तो बराच वेळ पाहत राहिले. काय चुकले ते माहीत असताना 'काही' आणि 'असेल' हे दोन शब्द कशासाठी, हे मला आजही उमगलेले नाही.

आपण प्रत्यक्ष भेटा. काय म्हणालात, ते चुकीचे कसे होते आणि नोंद सापडल्यावर गप्प राहिलात हेही स्वच्छ शब्दांत सांगा. दुसरी चूक पहिलीहून मोठी आहे, असे मला वाटते. 'प्रभूने मला सांगितले म्हणून आलो,' असे मात्र म्हणू नका, कारण त्याने ऐकणाऱ्यावर लगेच क्षमा करण्याचे दडपण येते. दादा, आरोप आठ जणांनी ऐकला होता, तर त्याचे निरसनही त्याच आठ जणांनी ऐकायला हवे. लूकच्या १९व्या अध्यायात जकातदार जक्कय नुसते दुःख व्यक्त करत नाही. अन्यायाने घेतलेले चौपट परत करतो. आपण पैसे घेतले नाहीत, पण नाव घेतलेत, तेव्हा तेच परत करायचे आहे. सगळ्या मंडळीपुढे सांगण्याची गरज नाही. ज्यांना माहीतही नाही त्यांना नव्याने सांगून त्या भगिनीला पुन्हा चर्चेचा विषय का करावे?

उत्तर : एक पाळक (पास्टर)

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत असूनही थोडी भर घालतो. प्रभुभोजन न घेता थांबण्याची प्रथा मंडळीत जुनी आहे. डिडाखे या आरंभीच्या ख्रिस्ती लेखाच्या १४व्या अध्यायात, ज्यांचे सोबत्याशी भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत एकत्र येऊ नये, अशी सूचना आढळते. म्हणून आपण थांबलात हे मी चुकीचे म्हणणार नाही. फक्त त्या थांबण्याला तारीख असावी. मी प्रभुभोजनाची सूचना आदल्या रविवारी देतो ती याचसाठी, की मधल्या सहा दिवसांत कोणाला कोणाकडे जायचे असेल तर जाता यावे.

त्या भेटायला तयार नसल्या तर? रोमकरांस १२:१८ मध्ये सर्वांशी शांतीने राहायला सांगताना 'साधेल तर' आणि 'तुमच्याकडून' अशी मर्यादा पौलाने स्वतःच घातली आहे. आपण मनापासून गेलात, आणि तरी दार उघडले नाही, तर मेजापासून दूर राहू नये. फिलिप्पै येथील युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांमधील मतभेदात पौलाने तिसऱ्या व्यक्तीला साहाय्य करायला सांगितले होते. तसे त्या भगिनीचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा कोणाला तरी सोबत घ्यावे. ती व्यक्ती कमिटीतली नसलेली बरी.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा ऋणी आहे. त्या भगिनीची मोठी बहीण आमच्याच मंडळीत आहे. काल मी त्यांना भेटून विचारले, त्यांनी निरोप पोहोचवण्याचे कबूल केले आहे. उत्तर अजून आलेले नाही. कमिटीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत मात्र माझा विषय पहिला ठेवण्यास अध्यक्षांना सांगितले आहे, आणि त्या दिवशीच्या आठांपैकी जे दोघे आता कमिटीत नाहीत त्यांनाही त्या वेळी यायला सांगणार आहे.