क्राउहर्स्ट : नुसता अपघात म्हणवत नाही

एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारण्याच्या शर्यतीत उतरलेला डोनाल्ड क्राउहर्स्ट लाटेने बोटीवरून फेकला गेला असेल, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. १० जुलै १९६९ ला अटलांटिकमध्ये त्याची बोट सापडली ती तरंगत, आत कुणीच नाही. शेवटच्या नोंदी १ जुलैच्या. त्यात तो तास, मिनिटं, सेकंदसुद्धा लिहीत गेलाय, आणि बोटीवरचं क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळ दाखवणारं घड्याळ, गायब! लाट घड्याळ निवडून नेते का? मे महिन्यात शर्यतीतल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याची, टेटलीची, बोट बुडाली आणि वेगाचं बक्षीस क्राउहर्स्टच्याच पदरात पडणार असं दिसू लागलं. पण त्याने वाटेत आपली ठिकाणं खोटी कळवली होती; बक्षीस मिळणार म्हणजे त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार. मागे बायको, चार लहान मुलं. फार वाईट वाटतं हो, पण मला तो स्वतःहून पाण्यात उतरलेलाच दिसतो.