खाडीच्या चिखलातले हे बारीक शंख कोणाचे?

मालवणी_मेधा: मुलीच्या प्रकल्पासाठी आचऱ्याच्या खाडीतला चिखल आणला. धुऊन, चाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मोहरीहून बारीक, वेटोळ्यांचे शंख! गोगलगायीची पिल्लं का ही? भाचा म्हणतो, एकपेशीय जीव आहे. एका पेशीला एवढं घर जमतं?

दर्यावर्दी: पिल्लंच असणार, ताई. एकपेशीय म्हणजे अमिबा. त्याला कसलं आलंय कवच?

गाळकरी: का नाही येणार? हे फोरॅमिनिफेरा, आमच्या भाषेत फोराम. नोकरीभर हेच निवडत बसलो. मेधाताई, चित्रकलेचा तीन शून्यांचा ब्रश ओला करून एक कण काळ्या कागदावर घ्या नि उलटा करा. एका बाजूने सगळी वेटोळी, दुसरीकडून फक्त शेवटचं, आणि आडव्या भिंती घालून पाडलेले कप्पे दिसले, तर बहुतेक अमोनिया. (वायू नव्हे, प्रजातीचं नाव.) खाडीचं कमी-जास्त खारं पाणी त्याला चालतं. गोगलगायीच्या शंखात सहसा सलग पोकळी असते. कप्प्यांमुळेच 1826 मध्ये दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने फोराम माकुलांच्या गोतात घातले होते. जिवंत फोराम पाहून 1835 मध्ये द्युजार्दँ या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते मोडून काढलं.

बांधकाम असं: पेशीतून जीवद्रव्याचे धागे बाहेर येऊन जाळं पसरतं, नव्या खोलीच्या आकाराचा पडदा धरतो, त्यावर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, चढतं. काही तासांत खोली उभी. काही जण चुन्याच्या वाटेला न जाता वाळूचे कण चिकटवतात, त्यातले काही तर स्पंजाच्या सुयाच वेचून घेतात. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी निवड चोख! खोल समुद्रातला सिरिंगामिना तर 20 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तोही एकाच पेशीचा.

दर्यावर्दी: बरं, मानलं. व्हिनेगर टाकून फेस आला की फोराम, असं ओळखता येईल का?

गाळकरी: फेस शंखालाही येतो हो. वर नमुना हातचा जातो.

मालवणी_मेधा: काका, उलटा केला. अगदी तुम्ही म्हणता तसाच! पण दुसरा एक आहे, लांबट, चिनी मातीसारखा पांढराशुभ्र. भिंतीला छिद्रं अजिबात दिसत नाहीत.

गाळकरी: ती क्विन्क्वेलोक्युलिना असणार, तीही फोरामच. कप्पे मोजायला मुलीलाच सांगा: एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने तीन यायला हवेत. तोंडाशी दातासारखा उंचवटा आहे का, तेही बघा.